पत्र्यावरील भोवरी नक्षी : घरच्या कार्यशाळेतील तंत्र आणि शिस्त

शर्यतीच्या जुन्या मोटारीचा दर्शनी फलक, उंची घड्याळाच्या यंत्रणेतील आतली पट्टी आणि १९२७ साली अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या एका विमानाच्या पुढील भागाचे आवरण यांत एक साम्य आढळते. या तिन्हींच्या धातूवर लहान गोलांची, एकावर एक चढत गेलेली, माशाच्या खवल्यांसारखी दिसणारी नक्षी असते. पाहणारा हलला की हे खवलेही हलल्याचा भास होतो. इंग्रजीत या कामाला एंजिन टर्निंग, ज्युवेलिंग, स्पॉटिंग अशी वेगवेगळी नावे आहेत. घड्याळांच्या व्यवसायात फ्रेंचमधून आलेला पर्लाज हा शब्द चालतो. केसांतील भोवऱ्याशी तिचे जे साम्य आहे ते ध्यानात घेऊन प्रस्तुत लेखात तिला भोवरी नक्षी असे म्हटले आहे.

ही नक्षी उमटवण्यासाठी मोठा कारखाना लागत नाही. स्टँडवर पक्के बसवलेले साधे ड्रिल मशीन, लाकडाची गोल दांडी, पॉलिश पेपर आणि पत्रा धरून ठेवणारी एक फळी एवढ्यावर काम भागते. जे लागते ते मोजमापाचे आणि संयमाचे भांडवल. प्रत्येक भोवरी ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या दाबाने आणि ठरलेल्या क्रमाने पडली पाहिजे. हजार भोवऱ्यांपैकी एक जरी जागा सोडून पडली, तरी पाहणाऱ्याची नजर नेमकी तिच्यावर जाते, आणि एकदा उमटलेली भोवरी पुसता येत नाही. म्हणूनच या कामात यंत्राच्या किमतीपेक्षा पूर्वतयारीला अधिक मोल आहे.

चमक कशामुळे दिसते

फिरणारे घर्षक टोक पत्र्यावर टेकले की त्यातील कण धातूवर समकेंद्री वर्तुळांत अतिसूक्ष्म ओरखडे काढतात. असा प्रत्येक ओरखडा म्हणजे एक चर. चरावर पडलेला प्रकाश त्याच्या लांबीच्या दिशेने न पसरता तिच्याशी काटकोन करून पंख्यासारखा फाकतो. त्यामुळे वर्तुळाचा सगळा भाग एकाच वेळी उजळत नाही. दिवा आणि डोळा यांच्या दिशेत येणारा मध्यातून आरपार गेलेला एक पट्टा तेवढा झळकतो. स्टीलच्या नव्या पातेल्याचा गोल घासलेला तळ दिव्याखाली धरला असता असाच पट्टा दिसतो आणि पातेले तसेच ठेवून आपण बाजूला सरकलो की तोही फिरतो. भोवरी नक्षीत अशी शेकडो लहान पातेली शेजारी-शेजारी मांडलेली असतात, आणि त्या सर्वांचे पट्टे एकदम फिरतात. पृष्ठभाग जिवंत वाटतो तो या कारणाने.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, नक्षीला खोलीची गरज नसते. प्रकाश फाकण्यापुरता ओरखडा पडला की काम झाले. अधिक दाबल्याने चमक वाढत नाही, उलट धातू तापतो आणि कडा फाटल्यासारखी दिसते. दुसरी अशी की, आरशासारख्या पत्र्यावर लहानसा पोचा लगेच उठून दिसतो, कारण तेथे प्रतिबिंब वाकडे होते. भोवरी नक्षीच्या पृष्ठावर सलग प्रतिबिंबच नसते, त्यामुळे घडाईच्या बारीक खुणा आणि किरकोळ उंचसखलपणा नजरेआड होतो. बोटाला जाणवणारा खोल पोचा मात्र या उपायाने लपत नाही.

पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर तांब्याच्या भांड्यावर हातोडीने जे मठारकाम करतात, त्याची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. तेथेही प्रत्येक ठोक्याचा उथळ ठसा प्रकाश वेगवेगळ्या दिशांना परतवतो. फरक इतकाच की, मठारकामाच्या ठोक्यांनी तांबे घट्ट आणि मजबूत होते. भोवरी नक्षीने पत्र्याच्या बळात काहीही भर पडत नाही. ती केवळ पृष्ठभागाची शोभा आहे.

इतिहासातील नोंदी

एंजिन टर्निंग हे नाव मुळात वेगळ्या कामाचे आहे. रोझ एंजिन नावाच्या खास लेथवर टोकदार हत्याराने धातूत नागमोडी रेषा कोरण्याच्या पद्धतीला ते लावले जाई. तिलाच गिलोशे असेही म्हणतात. अब्राहम-लुई ब्रेगे या पॅरिसमधील घड्याळजीने अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या घड्याळांच्या तबकड्यांवर हे काम आणले आणि ते त्याच्या घराण्याची ओळख बनले. त्यात धातू प्रत्यक्ष कापला जातो. भोवरी नक्षीत तो केवळ घासला जातो. तरीही दिसण्यातील साधर्म्यामुळे पुढे दोहोंना एकच नाव चिकटले. स्विस घड्याळांच्या यंत्रणेतील मुख्य तबकपट्टीवर दिसणारी मोत्यांच्या दाण्यांसारखी नक्षी ही घासून काढलेली असते, आणि पर्लाज या शब्दातही मोत्याचाच उल्लेख आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही नक्षी मोटारींत आणि विमानांत अवतरली. फ्रान्समधील बुगाटी कारखान्याच्या टाइप ३५ या शर्यतीच्या मोटारीच्या दर्शनी फलकावर ती आढळते. अमेरिकेत १९३६ साली विक्रीला आलेल्या कॉर्ड ८१० या मोटारीचा उपकरणफलकही याच प्रकारचा होता, आणि १९७० च्या दशकातील पॉन्टिॲक ट्रान्स ॲम मोटारींनी ही शैली पुन्हा लोकप्रिय केली.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र स्पिरिट ऑफ सेंट लुईस या विमानाचे. सॅन दिएगो येथील रायन कंपनीने हे एकआसनी विमान १९२७ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या अल्पावधीत, सुमारे ६० दिवसांत बांधले. डोनाल्ड हॉल हा त्याचा अभियंता. २० मे रोजी चार्ल्स लिंडबर्गने ते न्यूयॉर्कहून एकट्याने उडवले आणि साडेतेहेतीस तासांनंतर, २१ मेच्या रात्री, पॅरिसला उतरवले. वजनाचा प्रत्येक अंश वाचवण्यासाठी या विमानात रेडिओ किंवा हवाई छत्रीही घेतली नव्हती. तरी नाकाकडील उघड्या ॲल्युमिनियमच्या आवरणावर भोवऱ्यांच्या ओळी आहेत. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयात ते विमान आजही पाहता येते. त्या ओळींचे वजन शून्य आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे शोभेचा हा प्रकार विमान बांधणाऱ्यांनाही का परवडला हे उमगते.

यंत्रशाळेतील लेथच्या सरकमार्गांवर खरवडणीने काढलेल्या लहान चंद्रकोरी हा याहून निराळा प्रकार होय. त्या उथळ खळग्यांत तेल टिकून राहावे हा त्यांचा उपयोग असतो. त्यांची आणि या नक्षीची गल्लत करू नये.

पत्र्याची निवड

नवशिक्याने ॲल्युमिनियमपासून आरंभ करावा. १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा सोयीचा. याहून पातळ पत्रा टोकाच्या दाबाखाली वाकतो आणि भोवरी एका बाजूने पुसट उमटते. ॲल्युमिनियम मऊ असल्याने त्याचा कीस घर्षक कणांत अडकून ओरखडे जाड होतात. शिवणयंत्राच्या तेलाचा किंवा रॉकेलचा हलका हात फिरवल्यास हा दोष कमी होतो.

पितळेवर ही नक्षी अतिशय देखणी दिसते, परंतु लेप न दिल्यास ती लवकर काळवंडते. स्टेनलेस स्टील टणक असल्यामुळे प्रत्येक भोवरीला अधिक वेळ लागतो आणि पॉलिश पेपर लवकर झिजतो. मात्र नक्षी टिकते दीर्घकाळ. साध्या लोखंडी पत्र्यावर ओरखडे पडताच गंज धरण्यास वाट मिळते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा या कामासाठी घेऊच नये, कारण घासण्यात मुलाम्याचा संरक्षक थरच निघून जातो. ॲनोडायझिंग केलेल्या ॲल्युमिनियमवरही त्याचा कठीण थर काढल्याखेरीज नक्षी एकसारखी येत नाही.

पार्श्वभूमी जितकी स्वच्छ तितकी नक्षी उठावदार. पत्र्यावरील जुने ओरखडे प्रथम ४०० आणि नंतर ६०० नंबरच्या वॉटर पेपरने, एकाच दिशेने घासून काढावेत. त्यानंतर पॉलिशने आरशासारखी चमक आणल्यास भोवऱ्यांचा आणि त्यांच्यामागील धातूचा विरोध अधिक खुलतो.

साधने

भोवरी उमटवणारे टोक तीन प्रकारे करता येते.

पहिला प्रकार पॉलिश पेपरच्या चकतीचा. १२ मिलिमीटर व्यासाच्या लाकडी दांडीचे टोक काटकोनात सपाट करावे, त्यावर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा रबराचा किंवा बुचाचा तुकडा चिकटवावा आणि त्यावर २२० ते ३२० नंबरच्या पॉलिश पेपरची त्याच व्यासाची चकती लावावी. मधला मऊ थर अत्यंत आवश्यक आहे. टोक आणि पत्रा यांच्यात केसभर तिरकेपणा असला तरी तो थर सांभाळून घेतो. कठीण टोक मात्र फक्त एका कडेने घासते आणि पूर्ण गोलाऐवजी चंद्रकोर उमटते.

दुसरा प्रकार पेस्टचा. मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात व्हॉल्व्ह घासण्याची ग्राइंडिंग पेस्ट मिळते. तिच्यातील बारीक प्रतीची पेस्ट थोड्या तेलात मिसळून ब्रशने पत्र्यावर पातळ पसरावी आणि नुसत्या लाकडी टोकाने भोवऱ्या काढाव्यात. येथे घर्षक कण सतत नवे मिळत राहतात, म्हणून पहिली आणि शेवटची भोवरी सारखी येते. कामाचा पसारा मात्र वाढतो आणि ड्रिल मशीनच्या बेअरिंगमध्ये पेस्ट जाणार नाही याची दक्षता घ्यावी लागते.

तिसरा प्रकार नायलॉनच्या जाळीदार घासणीचा. हिची गोल चकती स्क्रूने दांडीवर बसवल्यास मऊ, रेशमी भोवऱ्या उमटतात. तिची कडा रेखीव नसते, पण किंचित गोलाई असलेल्या भागांवर ती अधिक चांगली चालते.

याखेरीज सपाट फळी, आधारपट्टी, दोन क्लॅम्प, दुहेरी चिकटपट्टी, गुण्या आणि मोजपट्टी ही साधने हाताशी असावीत. हातात धरलेल्या ड्रिलने सपाट पत्र्यावर एकसारखे काम होणे जवळजवळ अशक्य आहे. बाजारात मिळणारा स्टँड घेऊन ड्रिल त्यात पक्के बसवावे.

अंतराचे गणित

कामाची सगळी शोभा अंतरावर अवलंबून असल्याने ते आधी कागदावर ठरवावे. चौकटीच्या मांडणीत, म्हणजे आडव्या आणि उभ्या दिशेने अंतर सारखे ठेवले असता, मध्ये मोकळी जागा राहू नये यासाठी दोन भोवऱ्यांच्या केंद्रांतील अंतर व्यासाच्या सात-दशांशापेक्षा अधिक असू नये. १२ मिलिमीटरच्या टोकासाठी ही मर्यादा सुमारे साडेआठ मिलिमीटर येते.

तथापि बहुतेक कसबी कारागीर व्यासाचे निम्मे, म्हणजे सहा मिलिमीटर अंतर धरतात, आणि त्यामागे कारण आहे. फिरणाऱ्या टोकाच्या नेमक्या मध्यबिंदूला गती नसते. तेथे घर्षण होत नाही व एक ठिपका तसाच राहतो. अंतर निम्मे किंवा त्याहून किंचित कमी ठेवल्यास पुढच्या भोवरीची कडा मागच्या भोवरीच्या मध्यावरून जाते आणि ठिपका आपोआप झाकला जातो.

अंतर कमी केले की वेळ वाढतो. ३०० बाय २०० मिलिमीटरच्या पत्र्यावर सहा मिलिमीटर अंतराने सुमारे १,७०० भोवऱ्या बसतात. आठ मिलिमीटर अंतराने सुमारे १,०००. एका भोवरीला सरकवण्यासह पाच सेकंद धरले, तर पहिल्या कामाला जवळजवळ अडीच तास आणि दुसऱ्याला दीड तासाच्या आत-बाहेर वेळ लागेल. काम शक्यतो एका बैठकीत पुरे करावे. दुसऱ्या दिवशी हाताचा दाब, कागदाची धार आणि मांडणी यांपैकी काहीतरी बदलतेच, आणि तो जोड कायमचा दिसत राहतो.

जुळणी

प्रथम ड्रिलचे मेज स्पिंडलशी काटकोनात आहे की नाही हे तपासावे. जाड तारेचा तुकडा काटकोनात वाकवून चकमध्ये पकडावा, त्याचे टोक मेजाला जेमतेम टेकेल इतके खाली आणावे आणि चक हाताने फिरवावा. चारही बाजूंना टोक सारखेच टेकले तर मेज बरोबर आहे. नसेल तर मेजाचा नट सैल करून ते जुळवावे. ही तपासणी मशीनचा प्लग काढूनच करावी.

पत्रा १८ मिलिमीटर जाडीच्या सपाट फळीवर दुहेरी चिकटपट्टीने पूर्ण चिकटवावा. चारही कडांना त्याच जाडीच्या टाकाऊ पत्र्याच्या पट्ट्या लावाव्यात. त्यामुळे कडेवरच्या भोवऱ्या काढताना टोक कलंडत नाही. पत्रा हवा त्यापेक्षा दहा-पंधरा मिलिमीटर मोठा घेऊन नक्षी झाल्यावर कापणे हा त्याहून उत्तम उपाय.

सारखे अंतर राखण्यासाठी तीन मार्ग आहेत. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे फळीच्या दोन कडांवर आलेख कागदाच्या पट्ट्या चिकटवून मेजावर एक स्थिर दर्शक ठेवणे आणि फळी आधारपट्टीला टेकवून एकेक खूण सरकवणे. दुसरा मार्ग आधारपट्टीत सहा मिलिमीटर अंतराने करवतीच्या खाचा पाडून फळीवरील पातळ पट्टी त्यांत अडकवण्याचा. तिसरा मार्ग आटे पाडलेल्या सळईचा. १० मिलिमीटरच्या प्रमाणित जाड आट्याच्या सळईचा आटा १.५ मिलिमीटरचा असतो, म्हणून चार पूर्ण फेऱ्यांत फळी नेमकी सहा मिलिमीटर सरकते. मशीनच्या मेजावर बसणारा दुहेरी सरकता व्हाइस उपलब्ध असल्यास तो हेच काम सुकर करतो.

दाब सारखा राखण्यासाठी ड्रिलच्या खोलीचा थांबा वापरावा. रबराचा थर साधारण अर्धा मिलिमीटर दबेल अशा बेताने तो पक्का करावा. थांबा नसल्यास खाली ओढण्याच्या दांड्याला ठरावीक वजन टांगावे. हाताने दांडा केवळ सोडायचा आणि उचलायचा, दाबायचे काम वजनाने करायचे.

प्रत्यक्ष कृती

मशीनचा वेग मिनिटाला साधारण ८०० ते १,२०० फेरे ठेवावा. अतिवेगाने धातू तापतो आणि कागद भाजतो. अतिमंद वेगाने ओरखडे तुटक येतात. टाकाऊ पत्र्यावर निदान तीन ओळी सरावासाठी काढाव्यात. त्या दिव्याखाली तिरक्या धरून पाहिल्या म्हणजे कागदाचा नंबर, दाब आणि वेळ यांचा मेळ जमला की नाही हे कळते.

त्यानंतर पत्र्यावर तेलाचा हलका हात फिरवून पहिली भोवरी एका कोपऱ्यात काढावी. टोक एक ते दोन सेकंद टेकवावे, पूर्ण वर उचलावे, फळी एक खूण सरकवावी आणि पुन्हा टेकवावे. टोक टेकलेले असताना फळी हलल्यास लांबट ओरखडा पडतो, म्हणून उचलणे आणि सरकवणे या दोन क्रिया कधीही एकत्र करू नयेत. मनात आकडे मोजत राहिल्यास प्रत्येक भोवरीला सारखा वेळ मिळतो.

एक ओळ डावीकडून उजवीकडे पूर्ण झाली की फळी पुन्हा डावीकडे आणून दुसरी ओळ तेथूनच सुरू करावी. वेळ वाचवण्यासाठी उलट दिशेने परतू नये. प्रत्येक भोवरी आपल्या आधीच्या भोवरीचा काही भाग झाकते. दिशा बदलली की एका ओळीतील खवले उजवीकडे आणि दुसरीतील डावीकडे तोंड केलेले दिसतात. अशी उलटसुलट वीण मुद्दाम हवी असल्यास ती अखेरपर्यंत पाळावी. दुसरी ओळ अर्ध्या अंतराने पुढे सरकवून सुरू केल्यास चौकटीऐवजी माशाच्या खवल्यांची खरी मांडणी मिळते.

पॉलिश पेपरची चकती झिजत जाते, म्हणून ती ठरावीक ओळींनंतर, आणि नेहमी ओळ संपल्यावरच बदलावी. नव्या चकतीची पहिली धार तीव्र असते. आठ-दहा भोवऱ्या टाकाऊ पत्र्यावर काढून ती मोडल्यावरच मूळ कामाकडे वळावे.

नक्षी पूर्ण झाल्यावर पत्रा ओढून काढू नये, तो वाकतो. चिकटपट्टीखाली थिनर झिरपू द्यावा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने पत्रा हळूहळू सोडवावा. भोके पाडणे व कापणे ही कामे नक्षीनंतर करणे चांगले, कारण आधी पाडलेल्या भोकाच्या कडेत घर्षक टोक अडकते. त्या वेळी पृष्ठभाग मास्किंग टेपने झाकावा.

नेहमीचे दोष आणि त्यांची कारणे

भोवरी एकाच बाजूला गडद येत असेल तर मेज काटकोनात नाही किंवा टोकाखालील मऊ थर अपुरा आहे. गोलाऐवजी लंबगोल किंवा दुहेरी कडा उमटत असेल तर दांडी चकमध्ये वाकडी बसली आहे अथवा टोक घरंगळते आहे. दांडी फिरवून पुन्हा पकडावी. मधूनच एखादा खोल चर पडत असेल तर पत्र्यावर जाड कण अथवा धातूचा कीस राहिला आहे. प्रत्येक ओळीनंतर तेल पुसून ताजे लावावे. ओळी हळूहळू तिरक्या होत असतील तर आधारपट्टी आणि पत्र्याची कडा समांतर नाहीत. हा शेवटचा दोष तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत ध्यानात येत नाही, म्हणून आरंभीच गुण्याने तपासणी करण्याचा आळस करू नये.

काम बिघडल्यास एखादीच भोवरी दुरुस्त करण्याचा प्रयत्न करू नये. तिच्या जागी दुप्पट गडद डाग उठतो. सगळा पत्रा पुन्हा वॉटर पेपरने घासून पहिल्यापासून आरंभ करणे हाच मार्ग. ओरखडे उथळ असल्याने ते शक्य असते.

सुरक्षितता

या कामातील सर्वांत मोठा धोका पत्रा हाताने धरण्यात आहे. टोकाने सुटा पत्रा पकडला तर तो क्षणार्धात पात्यासारखा फिरतो आणि बोटे कापतो. पत्रा फळीला चिकटलेला आणि फळी आधारपट्टीला टेकलेली असल्याशिवाय मशीन सुरू करू नये. फिरत्या मशीनजवळ हातमोजे घालू नयेत; त्यांचा धागा अडकला तर हात ओढला जातो. सैल बाह्या, ओढणी, पदर, गळ्यातील साखळी आणि मोकळे केस आवरून घ्यावेत. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर धूळरोधक मास्क असावा. पत्र्याच्या कापलेल्या कडा कानशीने आधीच बोथट कराव्यात.

ॲल्युमिनियमची बारीक पूड ज्वालाग्राही असते, आणि लोखंडाच्या गंजाशी ती मिसळली तर आगीचा धोका अधिक गंभीर होतो. त्यामुळे लोखंड घासण्याच्या ठिकाणी ती साचू देऊ नये, आणि जेथे ॲल्युमिनियम घासले तेथे ठिणग्या उडणारे काम करू नये. तेल लावून काम केल्याने पूड हवेत उडत नाही, हा तेलाचा दुसरा फायदा. थिनर आणि लॅकर खिडक्या उघड्या ठेवून, शेगडी आणि देवघरातील दिव्यापासून दूर वापरावेत.

किनारी हवामान आणि संरक्षक लेप

गोव्यासारख्या समुद्रकाठच्या प्रदेशात नक्षी काढणे हे निम्मे काम. ती राखणे हे उरलेले निम्मे. घासल्याने धातूचे पृष्ठक्षेत्र वाढते आणि त्या चरांत खारी हवा व ओल टिकून राहते. उघड्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे पडतात, पितळ काळवंडते, आणि ज्याला आपण गंजरहित समजतो त्या सामान्य ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवरही किनाऱ्यालगत चहासारखे तपकिरी डाग येतात. समुद्राच्या जवळ उघड्यावर बसवायचा भाग असल्यास ३१६ प्रत अधिक टिकाऊ ठरते. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील यांवर साध्या लोखंडाचा तारब्रश अथवा तारेची लोकर कधीही वापरू नये. तिचे कण पृष्ठभागात रुततात आणि तेथूनच गंजाचे ठिपके उमटतात.

लेप देण्यापूर्वी पत्रा साबणाच्या पाण्याने आणि नंतर थिनरने धुऊन तेलाचा अंश काढावा. यानंतर पृष्ठभागाला बोट लावू नये. घामाचा ठसा लेपाखाली कायम राहतो. पारदर्शक लॅकरचे दोन-तीन पातळ थर, मध्ये पुरेसा वेळ देऊन, फवाऱ्याने द्यावेत. जाड थराने चमक मंदावते. पावसाळी दमट दिवशी लॅकर फवारल्यास त्यावर दुधासारखी पांढुरकी झाक चढते, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात उघडीप पाहून, कोरड्या दुपारीच हे काम हाती घ्यावे. ॲल्युमिनियमच्या भागांसाठी रंगहीन ॲनोडायझिंग हा अधिक टिकाऊ पर्याय आहे, परंतु ते घरी करण्याजोगे नाही. व्यावसायिक कारखान्याकडून करून घ्यावे.

लेप दिलेली नक्षी मऊ ओल्या फडक्याने पुसावी. राख, भांड्यांची पावडर किंवा घासणी लावल्यास लेप जातो आणि भोवऱ्यांवर आडवे ओरखडे चढतात.

उपयोग कोठे करावा, कोठे टाळावा

घड्याळाची तबकडी, ध्वनिवर्धक यंत्राचा दर्शनी फलक, हत्यारपेटीचे झाकण, नामफलकाची पार्श्वभूमी, जुन्या स्कूटरच्या अथवा मोटारीच्या जीर्णोद्धारातील लहान पट्ट्या यांसाठी ही नक्षी शोभून दिसते. मोठ्या पृष्ठभागावर ती सर्वत्र पसरल्यास डोळ्यांना शिणवते. साध्या चौकटीत बसवलेला लहान भाग अधिक खुलतो.

वाहनचालकाच्या नजरेसमोर, विशेषतः काचेत प्रतिबिंब पडेल अशा जागी, ती लावू नये. उन्हात तिची झळाळी दिपवते. अन्नाचा स्पर्श होणाऱ्या भांड्यांवरही ती टाळावी, कारण चरांत घर्षक पेस्टचे कण आणि अन्नाचे अंश अडकून राहतात. जुन्या, पुरातन मूल्य असलेल्या धातूच्या वस्तूवर तर असा प्रयोग मुळीच करू नये. तिच्यावरील काळाचा थर एकदा घासला गेला की परत येत नाही.

नवशिक्याने पहिल्या प्रयत्नात तळहाताएवढाच पत्रा घ्यावा. त्यावर दीड-दोनशे भोवऱ्या बसतात, पंधरा-वीस मिनिटांत काम संपते, आणि जुळणीतील प्रत्येक चूक स्वस्तात कळून येते. तो तुकडा दिव्याखाली फिरवून पाहताना सगळ्या भोवऱ्यांचे पट्टे एकदम वळले, की मोठ्या पत्र्याला हात घालण्यास हरकत नाही.